नैरोबी ते लागोस: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ नीट कसा काढायचा

"नैरोबीहून लागोस म्हणजे तीन-सव्वातीन तासांचं काम, सकाळी निघतो नि जेवायला तिकडं" असं कोणीतरी सांगतं, तिकीट बघून सांगतं, आणि तरी ते चुकीचं असतं. परत येताना तोच माणूस म्हणतो की जाताना तीन तास लागले नि येताना सात, विमान मुद्दाम फिरवून आणलं वाटतं. विमान कुणी फिरवलेलं नसतं. अंतर, हवेतला वेळ आणि तिकिटावरचं घड्याळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकाच भांड्यात ढवळतात.

नैरोबीत नोकरी करताना ऑफिसातल्या लोकांची तिकिटं बघायचं काम माझ्याकडं आलं, त्यामुळं या चुका मी बघितल्यात आणि केल्यात पण. खाली नैरोबी–लागोस हेच उदाहरण शेवटपर्यंत धरलंय, मधेमधे दुसरे विमानतळ येतील कारण काही चुका या रूटवर दिसतच नाहीत. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक जण थेट घड्याळापासून सुरू करतात आणि तिथंच फसतात.

आधी हाताशी काय हवं

एक कागद, फोनमधला वर्गमूळ निघणारा कॅल्क्युलेटर, आणि दोन्ही विमानतळांची ही माहिती: तीन अक्षरी कोड, अक्षांश-रेखांश, आणि ज्या दिवशी जाणार त्या दिवशीचा तिथला टाइम झोन. "त्या दिवशीचा" हा शब्द उगाच नाही लिहिला, पुढं कळेल.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरायला माझी ना नाही, मीही वापरतो. पण तो काय धरून आकडा देतोय ते कळायला एकदा तरी हातानं करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

पायरी १: शहर नाही, विमानतळ पक्का करा

नैरोबीत दोन विमानतळ लोकांच्या कामाचे. आंतरराष्ट्रीय विमानं जोमो केन्याटावरून, कोड एनबीओ. मसाई माराला जाणारी छोटी विमानं मुख्यतः विल्सनवरून, कोड डब्ल्यूआयएल. लागोसचा मुर्तला मुहम्मद, कोड एलओएस. जोहान्सबर्गला ओ. आर. टॅम्बो आणि लॅन्सेरिया असे दोन. कंपालाला जाताना उतरायचं एंटेबेला. किलिमांजारो विमानतळ आणि आरुशा विमानतळ हे वेगवेगळे आहेत, सफारीवाल्यांचा इथं हमखास घोटाळा होतो.

नावांचा गोंधळ तर विचारू नका. एबीजे बघून लोक अबुजा समजतात, ते असतं आबिजान, म्हणजे आयव्हरी कोस्ट. अबुजाचा कोड एबीव्ही. आणि लागोस नावाचं एक गाव पोर्तुगालमध्येही आहे, समुद्रकाठचं, सुट्टीला जायचं ठिकाण. अंतर सांगणाऱ्या साइटवर नुसतं "लागोस" टाकलं नि यादीतलं पहिलं नाव निवडलं की कधीकधी तुम्ही युरोपात.

सावधान: काही साइट शहराच्या मध्यापासून अंतर मोजतात, विमानतळापासून नाही. कोड टाकूनच शोधा.

तपासणी: दोन्ही कोड कागदावर लिहिले का? देशाचं नाव शेजारी लिहिलं का? मग पुढं.

पायरी २: अक्षांश-रेखांश घ्या, आणि चिन्हासकट घ्या

इथं आपल्या माणसांची खास चूक होते आणि ती का होते ते मला फार उशिरा कळलं. अख्खा भारत उत्तर गोलार्धात आणि ग्रीनिचच्या पूर्वेला. त्यामुळं मुंबई, नागपूर, दिल्ली कुठलंही अंतर काढा, सगळे आकडे अधिकच, चिन्हाकडं बघायची सवयच नाही. आफ्रिकेतून मात्र विषुववृत्त पण जातं आणि ग्रीनिचची शून्य रेषा पण जाते, म्हणजे एकाच खंडात उत्तर-पूर्व, उत्तर-पश्चिम आणि दक्षिण-पूर्व असे तीन प्रकारचे विमानतळ. दक्षिण अक्षांश उणे, पश्चिम रेखांश उणे, हे डोक्यात खिळ्यानं ठोकून ठेवा.

नैरोबी: अक्षांश उणे १.३१९, रेखांश ३६.९२८.
लागोस: अक्षांश ६.५७७, रेखांश ३.३२१.

नैरोबीचं उणे विसरलात तर अंतर साधारण पन्नास-साठ किलोमीटरनं कमी येतं, कुणाला कळणारही नाही. म्हणून लोकांना वाटतं आपली पद्धत बरोबर आहे. मग तेच लोक लागोस–जोहान्सबर्ग काढतात. खरं अंतर सुमारे ४,५२० किलोमीटर, उणे विसरलं की येतं ३,४२० च्या आसपास. अकराशे किलोमीटर गायब! कॅसाब्लांका–कैरोला पश्चिमेचं उणे विसरलं तर त्याहून वाईट, ३,६८० चे होतात २,२८०. आणि गंमत म्हणजे नैरोबी–जोहान्सबर्ग काढताना दोन्हींची उणे चिन्हं विसरलात तर उत्तर बरोबर येतं, कारण दोघं दक्षिणेला. चुकीच्या पद्धतीनं बरोबर उत्तर आलं की माणूस पुढच्या वेळी जास्त जोरात चुकतो.

दुसरी चूक अंश-मिनिटांची. लागोस ६ अंश ३४ मिनिटं असं लिहिलेलं दिसलं की लोक सरळ ६.३४ टाकतात. मिनिटाला साठनं भागायचं असतं. ३४ भागिले ६० म्हणजे ०.५६७, वर सेकंद थोडे, म्हणून ६.५७७. या एका चुकीनं विमानतळ पंचवीस-सव्वीस किलोमीटर सरकतो.

पायरी ३: अंतर काढा

विषुववृत्ताजवळ एक सोय आहे. तिथं अक्षांशाचा एक अंश आणि रेखांशाचा एक अंश दोन्ही जवळपास सारखेच, सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे शाळेतला पायथागोरस चालतो.

अक्षांशातला फरक: एक दक्षिणेला एक उत्तरेला म्हणून बेरीज, १.३१९ अधिक ६.५७७ म्हणजे ७.८९६.
रेखांशातला फरक: दोघं पूर्वेला म्हणून वजाबाकी, ३६.९२८ उणे ३.३२१ म्हणजे ३३.६०७.
दोन्हींचे वर्ग करून बेरीज: साधारण १,१९१.८. वर्गमूळ ३४.५२. गुणिले १११.२ म्हणजे ३,८३९ किलोमीटर.

पृथ्वीचा गोलपणा धरून नीट सूत्रानं काढलं तर सुमारे ३,८३० येतं. फरक आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे विमानाला अर्धा मिनिट. आपल्या कामाला पुरे.

सावधान: ही युक्ती सगळीकडं चालवू नका. विषुववृत्तापासून लांब गेलं की रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात. कॅसाब्लांका–कैरो असंच काढलं तर ४,३५० येतं, म्हणजे पावणेसातशे किलोमीटर जास्त. तिथं रेखांशातल्या फरकाला आधी दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं, तिथला मधला अक्षांश पावणेबत्तीसच्या आसपास, कोसाइन ०.८५. मग उत्तर ३,७०० च्या जवळ येतं, ते चालेल. उत्तर आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिकेला हे करायलाच लागतं, मधल्या पट्ट्याला नाही केलं तरी चालतं.

एकक बघा राव. ३,८३० किलोमीटर म्हणजे साधारण २,३८० मैल म्हणजे साधारण २,०६८ नॉटिकल मैल. तिन्ही आकडे बरोबर आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा कोणीतरी नॉटिकल मैलांचा आकडा उचलतो आणि किलोमीटरच्या वेगानं भागतो, मग लागोस अडीच तासांवर येतं. उलटं केलं, किलोमीटरना नॉट्सनं (म्हणजे ताशी नॉटिकल मैलांनी) भागलं, की साडेआठ तास.

तपासणी: तुमचं उत्तर ३,८०० ते ३,८५० च्या मधे आहे? नसेल तर पायरी २ ला परत जा, नव्वद टक्के चूक तिथंच असणार.

पायरी ४: हवेतला वेळ

आता वेग. बोइंग ७३७ साधारण ८३०–८४० किलोमीटर ताशी, ७८७ नऊशेच्या आसपास, एटीआर ७२ हे पंख्याचं विमान पाचशेच्या आसपास. कुठलं विमान आहे ते बुकिंगमध्ये लिहिलेलं असतं, बघायचा कंटाळा करू नका. छोट्या रूटवर एटीआरला जेटचा वेग लावला की अर्ध्या-पाऊण तासाची चूक नक्की.

३,८३० हे सरळ दोरी ताणल्यासारखं अंतर आहे. विमान तसं जात नाही, ठरलेल्या हवाईमार्गानं जातं, उड्डाणानंतर वळतं, उतरताना रांगेत लागतं. मी चार टक्के जोडतो, हा माझा अंदाज, नियम नाही. म्हणजे ३,९८० च्या आसपास. भागिले ८४०, आले ४ तास ४५ मिनिटं.

वाटेत काय आहे तेही बघा. या रूटखाली व्हिक्टोरिया सरोवर, युगांडा, मग काँगोचं जंगल, कॅमेरून आणि शेवटी नायजेरिया. काँगोचा पूर्व भाग जगात सगळ्यात जास्त विजा चमकणाऱ्या भागांपैकी आहे. ढगांचे डोंगर उभे राहिले की पायलट वळसा घेतो, दहा-पंधरा मिनिटं त्यात जातात, आणि जावीत, त्यात कुरकुर कशाला.

वाऱ्याबद्दल लोक अमेरिका-युरोपची सवय इथं लावतात. विषुववृत्ताजवळ वरचे वारे तसे मवाळ, म्हणून या रूटवर जाण्या-येण्यात फार तर दहा-वीस मिनिटांचा फरक. कॅसाब्लांका–कैरोला मात्र हिवाळ्यात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, पूर्वेकडं जाताना ढकलतो नि परत येताना अडवतो, फरक अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ शकतो.

सावधान: बंद आकाश. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात लढाई पेटली आणि तिथलं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं, मग कैरो–आदिस अबाबासारख्या रूटना वळसा पडला. ऑगस्ट २०२३ मध्ये नायजरनंही सत्तापालटानंतर आकाश बंद केलं होतं, ते सप्टेंबरात उघडलं. नैरोबी–लागोसच्या वाटेत हे देश येत नाहीत. पण तुमचा रूट उत्तर-दक्षिण असेल तर दोरीच्या अंतरावर विसंबू नका, गेल्या आठवड्यात तेच विमान प्रत्यक्षात कुठून गेलं ते फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर बघा.

पायरी ५: गेट ते गेट

तिकिटावर जी वेळ असते ती चाकं जमिनीवरून उचलल्याची नसते. गेटवरून विमान हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, वर चढताना नि खाली येताना कमी वेग, उतरल्यावर परत सरपटणं, या सगळ्याचा मी अर्धा तास धरतो. ४ तास ४५ मिनिटं अधिक ३० म्हणजे ५ तास १५ मिनिटं. तिकिटावर पाच ते साडेपाच तासांच्या मधलं काहीही दिसलं तर समजा गणित जमलं.

पश्चिम आफ्रिकेसाठी एक वेगळी गोष्ट. साधारण नोव्हेंबर अखेरीपासून मार्चपर्यंत सहाराकडून हरमॅटन वारा धूळ घेऊन येतो, नायजेरियात विशेषतः उत्तरेकडं समोरचं दिसत नाही आणि विमानं रखडतात किंवा रद्द होतात. लागोसहून पुढं कानो किंवा अबुजाचं डोमेस्टिक विमान असेल तर या महिन्यांत मधे भरपूर वेळ सोडा.

पायरी ६: आता घड्याळ, आत्ताच, आधी नाही

नैरोबी जागतिक वेळेच्या ३ तास पुढं, लागोस १ तास पुढं. दोघांत २ तासांचा फरक, आणि दोन्हीकडं उन्हाळ्यात घड्याळ पुढं-मागं करायची भानगड नाही.

समजा नैरोबीहून सकाळी ८:०० ला निघालात. ५:१५ जोडा, नैरोबीच्या घड्याळात १:१५. दोन तास वजा, लागोसमध्ये ११:१५. तिकिटावर दिसतं ८:०० ते ११:१५, आणि लोक म्हणतात सव्वातीन तास. येताना समजा लागोसहून दुपारी १:०० ला निघालात, पाच तास धरले तर लागोसच्या घड्याळात ६:००, नैरोबीत रात्रीचे ८:००. दिसतात सात तास.

रात्रीच्या विमानात तारीख पण सरकते. लागोसहून रात्री साडेदहाला निघालं की नैरोबीत दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. तिकिटावर कोपऱ्यात बारीक "+१" असतं. मी एकदा साहेबांसाठी गाडी सांगितली ती निघायच्या तारखेच्या पहाटेची, म्हणजे साहेब अजून लागोसच्या हॉटेलात झोपलेले आणि ड्रायव्हर इकडं पाटी धरून उभा. त्यानंतर मी उतरायची तारीख वारासकट लिहितो.

आता "त्या दिवशीचा टाइम झोन" का म्हणालो ते. इजिप्तनं २०२३ पासून उन्हाळी वेळ परत सुरू केली, एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत. मोरोक्को २०१८ पासून वर्षभर जागतिक वेळेच्या एक तास पुढं असतो पण रमजानच्या महिन्यात परत शून्यावर येतो, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. काँगो नावाच्या दोन देशांपैकी मोठ्या देशात दोन झोन आहेत, किन्शासा एक तास पुढं आणि लुबुंबाशी दोन, डोमेस्टिक विमानातसुद्धा घड्याळ बदलतं. दक्षिण सुदाननं १ फेब्रुवारी २०२१ ला आपली वेळ एक तास मागं घेतली. जुना तक्ता कुठून तरी डाउनलोड करून वापरत असाल तर फेकून द्या तो.

सावधान: इथिओपियात स्थानिक लोक दिवस सकाळी सहाला सुरू झाला असं धरून तास मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा एक. स्वाहिली बोलताना केनिया-टांझानियातही तसंच. तिकिटावर नेहमीचीच वेळ असते, पण टॅक्सीवाल्याशी बोलताना "सकाळी की रात्री, तुमची वेळ की विमानाची" हे विचारा. यात सहा तासांचा फरक पडतो.

पायरी ७: थेट विमान नसेल तर

थेट विमान रोज असेलच असं नाही, मग पर्याय दिसतो आदिस अबाबामार्गे. इथं लोक फक्त भाडं बघतात. नैरोबी–आदिस सुमारे १,१६० किलोमीटर, आदिस–लागोस सुमारे ३,९२०, एकूण ५,०८०, म्हणजे थेटपेक्षा साडेबाराशे जास्त. कारण साधं आहे, लागोस पश्चिमेला आणि तुम्ही आधी उत्तरेला जाताय. उडण्याचा वेळ सात-सव्वासात तास, मधला थांबा वेगळा. थांबा दोन तासांचा असेल तर मी घेईन, आठ तासांचा असेल तर थेट विमानासाठी एक दिवस इकडं-तिकडं करीन.

बेरीज करताना प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा काढा आणि मग थांबा मिळवा. आदिस आणि नैरोबीची वेळ एकच आहे, म्हणून पहिल्या टप्प्यात घड्याळ बदलत नाही, सगळा दोन तासांचा फरक दुसऱ्या टप्प्यात येतो. दोन्ही टप्प्यांत वजा करणारे पण मी बघितलेत.

दोन वेगळी तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून उड्या मारू नका. एकाच बुकिंगमध्ये असलं तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय करणं कंपनीवर असतं, सामान सहसा थेट जातं. वेगळ्या तिकिटात तुमचं तुम्ही, सामान काढा, परत द्या, कदाचित व्हिसाही लागेल कारण इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं.

आणि पिवळ्या तापाचं कार्ड. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, म्हणून उद्याच्या प्रवासाला आज घेऊन उपयोग नाही. केनिया आणि नायजेरिया दोन्ही पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत, परत भारतात उतरताना कार्ड नसलं तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. काही देश यादीतल्या देशात बारा तासांपेक्षा जास्त ट्रान्झिट झालं तरी कार्ड मागतात, म्हणून लांब थांबा निवडण्याआधी तेही बघा.

पायरी ८: घर ते हॉटेल

पाच तास पंधरा मिनिटं हा प्रवासातला सगळ्यात भरवशाचा भाग, खरी अनिश्चितता जमिनीवर. नैरोबीत वेस्टलँड्सकडून येत असाल तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या एक्स्प्रेसवेनं बरंच सोपं झालंय, टोल द्या नि या. पण विमानतळाच्या गेटवर गाडीतून उतरून तपासणी होते, तिथं रांग असते. लागोसला विमानतळ इकेजाकडं, म्हणजे मुख्य भूमीवर, आणि बहुतेक ऑफिसं-हॉटेलं व्हिक्टोरिया आयलंडकडं. मधे पूल आणि पुलावर ट्रॅफिक. अकरा-सव्वाअकराला उतरलात म्हणून एक वाजताची मीटिंग ठेवू नका. मी चारच्या आधी काही ठेवत नाही, त्यावरून माझी चेष्टा होते, होऊ दे.

माझा हिशोब: विमानतळावर तीन तास आधी, त्याआधी घरून एक तास, उडण्याचे सव्वापाच, उतरून बाहेर यायला एक ते दीड, हॉटेलला दीड ते दोन. म्हणजे "सव्वातीन तासांचा" प्रवास बारा-तेरा तासांवर गेला.

शेवटची तपासणी: भारताच्या घड्याळात टाका

दोन्ही वेळा भारतीय वेळेत बदला आणि मग वजाबाकी करा. नैरोबी भारतापेक्षा अडीच तास मागं, लागोस साडेचार तास मागं. ८:०० ला निघाला म्हणजे भारतात १०:३०. लागोसला ११:१५ ला उतरला म्हणजे भारतात दुपारचे ३:४५. फरक ५ तास १५ मिनिटं. पायरी ५ चं उत्तर आणि हे जुळलं की काम झालं, नाही जुळलं तर झोनची चूक आहे, अंतराची नाही.

हाच मेसेज आईला जातो: "साडेदहाला विमान, पावणेचारला उतरणार, पाचपर्यंत फोन नाही आला तरी काळजी करू नको." केनियाची वेळ, नायजेरियाची वेळ असलं काही तिला पाठवत नाही, एकदा पाठवलं होतं तर तिनं पहाटे तीनला फोन केला होता.